अनुबिस म्हणजे इजिप्तचा यम का?

औटघटका:
मुलीला शाळेत प्राचीन इजिप्तवर प्रोजेक्ट आलाय, त्यानिमित्ताने मी पण वाचत बसलोय आणि आता पार गोंधळ झालाय. तो कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस, त्याला कुठे मृत्यूचा देव म्हणतात, कुठे ममी करणारा, कुठे तो तराजूपाशी दिसतो. आणि मेलेल्यांचा राजा म्हणे ओसायरिस. मग अनुबिसचं काम नेमकं काय? आणि थडगी उकरणारं जनावर देव कसं काय?

रानवाट:
यम नका म्हणू, तो प्राण न्यायला येत नाही आणि निवाडाही करत नाही. मेलेल्याला सांभाळायचं, हे त्याचं काम. देह टिकवायचा, थडगं राखायचं, मग माणसाला हाताला धरून न्यायसभेत आणायचं. ओसायरिसचं म्हणाल तर तो नंतर पुढे आला. जुन्या राज्याच्या, म्हणजे पिरॅमिडांच्या काळातल्या, थडग्यांत अर्पणाचा मंत्र कोरलेला असतो, त्यात चौथ्या राजघराण्याच्या काळात अनुबिसचं नाव येतं, ओसायरिस दिसायला लागतो तो पाचव्यापासून, आणि पुढे मृतांचं राज्यच त्याच्याकडे गेलं. पण अनुबिस काही अडगळीत नाही गेला, कारण ओसायरिसचा देह लेपून ठेवणारा तोच अशी कथा झाली, म्हणजे राजाची ममी पण यानेच केली!

कोरडवाहू:
कोल्ह्याचं बघा, नाईलच्या काठाला वाळवंट सुरू होतं तिथे सुरुवातीला उथळ खड्ड्यात पुरायचे, आणि ही जनावरं तिथेच फिरायची. ज्याच्यापासून धोका त्यालाच राखणदार केला असं बरेच अभ्यासक मानतात आणि मला ते पटतं. त्यात खरं जनावर भुरकट असतं पण अनुबिस काळाकुळकुळीत. काळा म्हणजे पुराच्या गाळाचा रंग, त्यातूनच पीक यायचं, म्हणून तो पुन्हा जन्माचा रंग, आणि राळ लावलेला देहही काळपट पडायचा. तुतनखामेनच्या थडग्यातला अनुबिस मुलीला जरूर दाखवा (उत्खनन करणाऱ्या हॉवर्ड कार्टरला १९२२ मध्ये सापडलेलं थडगं). राजाची आतडी वगैरे ठेवलेल्या खोलीच्या दारातच बसवला होता, लाकडाचा, काळा, कानांना सोन्याचा मुलामा, नखं चांदीची, आणि अंगावर चक्क तागाचं कापड गुंडाळलेलं.

औटघटका:
वा, मस्त माहिती! पण तराजूचं राहिलं. आणि बाकी सगळे अवयव काढायचे तर हृदय का नाही काढायचे?

रानवाट:
तराजूसाठीच! त्यांच्या मते बुद्धी, आठवण सगळं हृदयात, म्हणून ते देहातच ठेवायचे, मेंदू मात्र नाकातून काढून टाकायचे. ब्रिटिश म्युझियममध्ये आनी नावाच्या लेखनिकाचा पपायरस (चित्रांची गुंडाळी) आहे, इ.स.पू. १२५० च्या आसपासचा, त्यात एका पारड्यात आनीचं हृदय, दुसऱ्यात सत्याची देवी मात हिचं पीस, आणि अनुबिस गुडघा टेकून काटा नीट आहे का ते तपासतोय. लेखनाचा देव थॉथ लिहून घेतो. मागे आम्मित टपून बसलीय, मगरीचं तोंड, पुढून सिंह, मागून पाणघोडा, हृदय पिसाशी तुललं नाही, म्हणजे खोटं ठरलं, की ती खाणार आणि मग त्या माणसाला पुढचं जीवन नाहीच. याची भीती इतकी होती की ममीच्या छातीवर दगडी भुंगा ठेवायचे आणि त्यावर मंत्र कोरायचे, अर्थ साधारण असा की माझ्या हृदया, तराजूपुढे माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. प्रोजेक्टसाठी हाच प्रसंग घ्या, सगळे देव एकाच चित्रात येतात.