अनुभव धागा : घरात आलेली नवी चित्रपुस्तकं

"लहान मुलांसाठी कुठली पुस्तकं घ्यावीत?" असं विचारलं की याद्या मिळतात. याद्या पुष्कळ झाल्या. इथे त्याच्या पुढचं सांगा. नवं पुस्तक घरात आलं, पोराला मांडीवर घेऊन उघडलं, मग काय झालं? वय साधारण शून्य ते सहा. पुस्तक बाजारात कालपरवा आलेलंच हवं असं नाही, तुमच्या घरात नवं असलं तरी चालेल. मुलाने ढुंकूनही पाहिलं नसेल तर तेही लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. माधुरी पुरंदरे यांचा 'राधाचं घर' हा संच लेकीला वाढदिवसाला मावशीने दिला. लिहिणं त्यांचं आणि चित्रंही त्यांचीच. राधाच्या घरातली एकेक माणसं त्यात भेटत जातात. आमची कन्या पान उलटूच देईना. कुठे काय ठेवलंय, कोण काय करतंय याची कसून झडती झाली आणि मग मोर्चा आमच्या घराकडे वळला. हल्ली रोज रात्री पुस्तकं जमिनीवर मांडून "आपले आजोबा पण असेच, पण टकलू" असं चालू असतं. मजकूर वाचायला माझी पाळी येतेच असं नाही.

कोल्हापूरहून :
आमचे चिरंजीव अजून रांगतही नाहीत, तरी लिहिते. अगदी तान्ह्या बाळांना वीत-सव्वा वीत अंतरावरचंच नीट दिसतं आणि काळं-पांढरं ठळक असेल तर नजर ठरते, म्हणून तसलं जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आणलं. नजर ठरली, मग हात गेला, मग पुस्तक थेट तोंडात. आमच्या सासूबाईंचा जीव खालीवर! "अगं, विद्या आहे ती, चावतोय काय!" पायाला पुस्तक लागलं तर त्याच्याकडून नमस्कार करवून घेतात. आता आजीच्या ताब्यातलं एक 'नमस्काराचं' आणि एक 'चावायचं' अशी वाटणी झाली आहे. चावायच्या पुस्तकाचे कोपरे मऊ पडलेत, पण त्यातलं घुबडाचं चित्र शाबूत आहे.

पालघर जिल्ह्यातून, बालवाडीताई :
माझ्याकडे पुस्तक एक आणि मुलं वर्गभर. मुलांना अर्धगोलात बसवायचं, पुस्तक खांद्याच्या बाजूला धरायचं आणि आपण मान वळवून वाचायचं. सवय होते. बरीच मुलं घरी वारली किंवा कातकरी बोलतात. पुस्तकातली मराठी वाचली की गप्प बसतात, म्हणून हल्ली मी पहिल्यांदा नुसती चित्रं दाखवते, तोंड मिटून. यंदा एक कोंबडीचं पुस्तक आलं. गोष्टीत ती अंडी घालते. तिसऱ्या पानावर मागून एक पोरगा ओरडला, "बाई, ही अंडी कशी घालेल? हा तर कोंबडा!" बघते तर खरंच, लालभडक मोठा तुरा, शेपटीची पिसं कमानीसारखी वाकलेली. चित्रकाराने कोंबडा काढून ठेवला होता! मग जो गलका झाला! एरवी तोंड न उघडणारी मुलगी पुढे येऊन तलंग म्हणजे अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी कशी दिसते, खुडूक म्हणजे अंडी उबवायला बसलेली कशी दिसते हे तिच्या भाषेत मला शिकवत होती. चुकीचं चित्र होतं, पण बिनचूक चित्राने इतकं बोलणं निघालं नसतं. पुस्तक वर्गात हिट आहे.

न्यू जर्सीहून :
भारतातून पुस्तकं मागवायची तर पुस्तकापेक्षा टपाल महाग. त्यामुळे आमची भिस्त प्रथम बुक्स या प्रकाशनाच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर. २०१५ पासून चालू आहे, मराठीत भरपूर पुस्तकं आहेत, पातळ्या लावलेल्या आहेत आणि परवाना खुला असल्यामुळे उतरवून छापून घ्यायला आडकाठी नाही. टॅबवर दिलं की आमचा मुलगा बोटाने पानं भराभर सरकवतो, म्हणून मी छापून, दुमडून, मध्ये स्टेपल मारून देतो. एका पुस्तकाच्या चित्रात भिंतीवर पाल होती. गोष्टीशी तिचा काही संबंध नाही, पण याने पाल कधी पाहिलेलीच नाही! ती पडत का नाही, तिला घरात कोणी येऊ दिलं, ती झोपते कुठे, एकेक प्रश्न. शेवटी साताऱ्याला बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बाबांनी फोन सरळ ट्यूबलाइटकडे धरला. पाल होतीच. आता दर कॉलला आधी पाल, मग आजोबा.

पुण्याहून, एक आजोबा :
सगळं ठीक, पण किमतीबद्दल कुणी बोलेल का? चोवीस पानं, पानाला दोन ओळी, आणि किंमत दीडशे. दोन मिनिटांत संपतं. तेवढ्या पैशांत आम्ही गोष्टींचं जाडजूड पुस्तक आणत होतो.

वरील प्रतिसादाला :
आजोबा, मी छपाईच्या धंद्यात आहे. चित्रकाराचं मानधन, चार रंगांच्या प्लेटा, मशीन लावणं हा खर्च हजार प्रती छापा की दहा हजार, सुरुवातीला तेवढाच. मराठीत चित्रपुस्तकाची आवृत्ती लहान निघते, म्हणून प्रतीमागे जास्त पडतो. चांगला कागद आणखी वेगळा. स्वस्तात हवं असेल तर नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका बघा. ही संस्था १९५७ पासूनची, सरकारी, किमती खरंच आवाक्यातल्या. आणि दोन मिनिटांत तुमचं वाचून संपतं हो. नातवाचं बघून संपतं का?

ठाण्याहून :
लेकीच्या नव्या पुस्तकात एका पानावर रात्रीचं जंगल आहे आणि झाडामागे फक्त डोळे. गोष्ट आवडते, ते पान नको. पुस्तक दडवून ठेवायचा माझा विचार होता. तिने गॅलरीतून कपडे वाळत घालायचा चिमटा आणला आणि त्या पानाला लावला. रात्री वाचताना आम्ही चिमटा लावलेलं पान ओलांडून पुढे जातो. दुपारी मात्र स्वतः चिमटा काढून, पुस्तक लांब धरून, एक डोळा मिटून बघते. संध्याकाळ झाली की चिमटा परत जागेवर.

बारामतीहून :
धागा वाचतोय, छान आहे. माझा अनुभव थोडका आहे. चार वर्षांचा मुलगा, त्याला ट्रॅक्टर सोडून काही चालत नाही. ससा नको, परी नको. इंग्रजी पुस्तकं आणून बघितली, त्यात परदेशातली भलीमोठी यंत्रं. "आपला कुठाय?" म्हणतो. नुसता ट्रॅक्टर नको, त्याला रोटाव्हेटर, पेरणी यंत्र, उसाच्या दोन ट्रॉल्या असं जोडलेलं हवं. मराठीत आहे का असं काही? कुणाला माहीत असेल तर लगेच सांगा, तोवर सध्या कंपनीच्या माहितीपत्रकावर भागवतोय. ते मात्र पाठ झालंय त्याचं, हॉर्सपॉवरसकट.