बगिच्याच्या मागच्या भागात समाजभवन नको, तुमचं काय मत?

निंबोणी:
नागपुरात आमच्या लेआऊटच्या बगिच्यात मागच्या बाजूला कडुनिंब आणि करंजीची झाडं आहेत, तिथं आता समाजभवन आणि पार्किंग करायचं चाललं आहे. माझा ठाम विरोध आहे. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा दुपारी तिथं जाऊन पहा, बाजूच्या वस्तीतल्या बायका लेकरं घेऊन बसलेल्या असतात कारण घरावर टीन आहे आणि आत बसवत नाही, ऑटोवाले डबा खाऊन तिथंच आडवे होतात. त्यांना कोणी विचारलं का? लेआऊटमध्ये नकाशावर बगिचा दाखवूनच प्लॉट विकले, त्याचा पैसा आपण प्लॉटच्या भावात केव्हाच भरला आहे.

लेआऊटवाला:
ताई, भावना समजते, पण हॉलची गरज खरी आहे ना. लग्नाच्या लॉनचं भाडं साध्या माणसाला परवडत नाही, मग बारसं असो की तेरवी, रस्त्यावर मंडप टाकावा लागतो आणि लोकांचा रस्ता अडतो. मोकळ्या जागेत थोडंफार बांधकाम तर नियमातही बसते. आणि बगिच्याचा तो भाग अर्धं वर्ष वाळलेलाच असतो.

करंजी:
वाळलेला काहून असतो तेही सांगा ना भाऊ! बोअर बंद पडून आहे, पाणी कोणी देत नाही, देखभाल करायची नाही आणि मग म्हणायचं जागा पडीत आहे. समोरच्या भागात गट्टू (सिमेंटचे ब्लॉक) बसवले तेव्हा पाहिलं ना, निंबाच्या पार बुंध्याला भिडवून सिमेंट भरलं, मुळाला ना पाणी ना हवा, दोन पावसाळ्यांत झाड वाळलं. मागच्या भागातही हेच होणार.

निंबोणी:
हेच म्हणते मी. आणि पाण्याचं विसरू नका. 23 सप्टेंबर 2023 ची रात्र आठवते ना, काही तासांत 100 मिलीमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीच्या काठचे लेआऊट पाण्यात गेले. एका बगिच्यानं तो पूर थांबला असता असं मी म्हणत नाही, पण माती उघडी असली की पाणी मुरते आणि सिमेंट असलं की सगळं नालीत जाते, एकेक तुकडा बुजवतच शहर इथपर्यंत आलं आहे.

वर्धारोडकर:
मी हॉलच्या बाजूनं आहे, पण झाडं तोडून नाही. झाड 50 वर्षांचं असलं तर 2021 पासून कायद्यानं ते हेरिटेज वृक्ष आहे आणि ते तोडायचं तर जितकं वय तितकी झाडं लावावी लागतात. मग अडचण काय आहे? रीतसर परवानगी घ्या, झाडं लावा, हॉलही होऊ द्या.

करंजी:
लावलेली रोपटी जगतात कुठं? ट्री गार्ड राहते, रोपटं जाते. आणि लावणार शहराच्या बाहेर, सावली त्या वस्तीतल्या बाईला पाहिजे इथं.

लेआऊटवाला:
मग गरिबानं कार्यक्रम कुठं करायचा, हे तर सांगा. सकाळी वॉक करून घरी एसीत बसणाऱ्यांना बगिचा पाहिजे आणि ज्याच्या घरी चार माणसं बसायला जागा नाही त्याला नाही म्हणायचं, हे मला पटत नाही.

निंबोणी:
भाऊ, हा मुद्दा खरा आहे आणि मी तो टाळत नाही. चौकातल्या बंद शाळेची इमारत रिकामी आहे, छप्पर आहे, पटांगण आहे, संडास आहे, ती दुरुस्त करून हॉल म्हणून द्या, मी तुमच्यासोबत निवेदन घेऊन येते. पण बगिचा नाही. बंगळुरूत बगिच्याची जागा खाजगी नर्सिंग होमला दिली होती, रहिवासी लढले, हायकोर्टानं ते वाटप रद्द केलं आणि 1991 मध्ये सुप्रीम कोर्टानंही तोच निकाल कायम ठेवला. तिथं तर दवाखाना होता, त्यापेक्षा गरजेचं काय असते? तरी कोर्टानं बगिचाच राखला.

वर्धारोडकर:
शाळेचं डोक्यात आलं नव्हतं. पण ती मिळेल याची गॅरंटी कोण देणार?

निंबोणी:
गॅरंटी नाही, मागावीच लागेल. आपल्या अजनी वनासाठी, म्हणजे अजनीतली झाडं वाचवायला, लोक सह्या घेत फिरले, कोर्टात गेले, तेव्हा कुठं ऐकणं सुरू झालं. विकास आराखड्यातलं आरक्षण बदलायचं असलं तर नगररचना कायद्याच्या (MRTP) कलम 37 खाली नोटीस काढून हरकती मागवाव्या लागतात, आपल्या जागेचं आरक्षण काय आहे ते आधी काढू. रविवारी सकाळी 7 वाजता मागच्या गेटवर या, वस्तीतल्या बायकाही येऊन राहिल्या.

लेआऊटवाला:
येतो. पण शाळेच्या मागणीवर पहिली सही माझी, बगिचा वाचवायच्या कागदावर मी अजून सही केलेली नाही.