केस-कंट्रोल अन् कोहॉर्ट या अभ्यासाच्या दोन पद्धतीयमधे नेमका फरक काय? डोकं चालून नाई राह्यलं

यवतमाळकडच्या एका खेड्यात राहतो, पब्लिक हेल्थचं शिकून राह्यलो. फवारणी अन् चक्कर येणं यावर छोटा प्रोजेक्ट करायचा हाये. दोन्हीत मागचंच विचारायचं ना बाप्पा, मंग वेगळं काय?

पऱ्हाटीवाला:
भाऊ, सुरुवात कुठून करता ते पाय. आधी चक्कर आलेले अन् न आलेले लोक निवडले, मंग विचारलं फवारणी केली का, तर केस-कंट्रोल. आधी फवारणारे अन् न फवारणारे घेतले अन् सीझनभर कोणाले चक्कर येते ते पायलं तर कोहॉर्ट. डॉल अन् हिल या ब्रिटिश संशोधकायनं दोन्ही केलं, १९५० मधे छापलेल्या अभ्यासात लंडनच्या हॉस्पिटलातले ७०९ फुप्फुसाच्या कॅन्सरचे पेशंट अन् तितकेच दुसरे, त्यायले सिगारेटचं विचारलं, मंग १९५१ पासून ब्रिटिश डॉक्टरायलेच धरून वर्षानुवर्षं मागोवा घेतला.

आशाताई:
एक सांगते, आजारी माणूस आठवून आठवून सांगते, चांगला माणूस "काई नाई केलं जी" म्हणते. रिकॉल बायस तो हाच. अन् केस-कंट्रोलमधे पेशंट किती घ्यायचे ते तूच ठरवतो, म्हणून गावात किती टक्के लोकायले होते ते त्यातून निघत नाई, ऑड्स रेशो निघते फक्त, म्हणजे चक्कर आलेल्यायमधलं फवारणारे भागिले न फवारणारे हे न आलेल्यायमधल्यापेक्षा किती पट.

प्रश्नकर्ता:
आत्ता समजलं. माह्याजवळ दोनच महिने हायेत, तर केस-कंट्रोलच ना?

पऱ्हाटीवाला:
हो, पण कंट्रोल, म्हणजे चक्कर न आलेले लोक, त्याच गावातले घे, अन् उनाचंही विचारजो, चक्कर त्यानंही येते.