मदत हवी आहे: सोमवारची निळी गोळी मुलं गिळतच नाहीत

नमस्कार मंडळी, मी गडचिरोलीकडच्या एका झेडपी शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते, आणि शाळेत आरोग्याचं जे काही येतं ते माझ्याच गळ्यात पडतं (बाई आहे ना, दुसरं कारण काय). तर रक्तक्षय होऊ नये म्हणून दर सोमवारी लोहाची निळी गोळी वाटायची, रजिस्टर भरायचं, झालं. १५ ऑगस्टच्या आधी मैदान साफ करताना मागच्या भिंतीपाशी बघते तर चिखलात निळे डाग, गोळ्या विरघळून पडलेल्या. रजिस्टरात शंभर टक्के आणि पोटात काही नाही!

आणि चाचणीत रक्तक्षयाच्या प्रश्नाला सगळ्यांना पैकीच्या पैकी, मेथी-पालक-गूळ तोंडपाठ.

आधी ओरडले, खोटं कशाला बोलू. मग एकेकाला बाजूला घेऊन विचारलं तर काय, जुलैत एकीला उलटी झाली होती (उपाशीपोटी घेतलेली), संडास काळी होते म्हणजे रक्त जळतं, मुलगे म्हणे ही पोरींची गोळी, आणि आठवीतल्या एकीला आजीने सांगितलंय की याने पुढे मूल होत नाही. म्हणजे मी वर्षभर शिकवलं त्यात यांचा एकही प्रश्न नव्हता.

आता खिचडी खाल्ल्यावरच गोळी देते, वर लगेच चहा नको म्हणते, संडास काळी होणार पण त्याने काही बिघडत नाही हे आधीच सांगून टाकते. उलटीची भीती बरीच गेली. पण आजीचं आणि मुलग्यांचं काय करू? तुमच्या शाळेत खरंच काय चाललं ते सांगा, पोस्टर नको, भिंती भरल्यात.

प्रतिसाद १
ताई, मी शाळा तपासणीच्या टीममध्ये आहे. आजीला विचारा, सून गरोदर असताना लाल गोळ्या खात होती का? १८० दिवस देतात त्या, औषध हेच, लोह आणि फॉलिक अॅसिड. मूल होऊ न देणारी गोळी पोटुशीला कोण देईल? मुलग्यांना आकडा सांगा, २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते १९ वयाच्या मुलींत ५९ टक्के रक्तक्षय, पण मुलांतही ३१ टक्के आहे. आणि तुम्ही स्वतः त्यांच्यासमोर गोळी घ्या, आमच्याकडे सर घेतात, फरक पडतो. एक मात्र बघा, तुमच्या भागात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे, तो असलेल्या मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोह देऊ नका.

धागाकर्ती
अहो लाल गोळीचं डोक्यातच आलं नाही, आजीबाईंना शनिवारीच गाठते. सिकलसेलची एक मुलगी सातवीत आहे आणि मी तिलाही दर सोमवारी देतेय. उद्याच उपकेंद्रात विचारते, तोवर तिची बंद.