शंभर वर्षं चालेल असं पाऊस मोजायचं यंत्र बनवता येईल का?

दिंडोरीचा बागायतदार: नमस्कार मंडळी. आजोबांनी रोजचा पाऊस वहीत लिहून ठेवलाय, ती वही अजून वाचता येते. मी घेतलेलं वेदर स्टेशन मात्र तीन वर्षांत गेलं, कंपनीने ॲपच बंद केलं, डबा बागेत खांबावर तसाच लटकतोय आणि सगळा डेटा गेला. आता स्वतःच बनवायचं ठरवलंय, नातवाच्या नातवालाही वापरता यावं असं. कुठून सुरुवात करू?

सातपूरकर: दादा, पहिलं म्हणजे इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर (चार्ज साठवणारा, आत द्रव असलेला पार्ट) अजिबात नको. आतलं द्रव हळूहळू वाळतं. साध्या कॅपॅसिटरच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, १०५ डिग्रीला २००० तास असं लिहिलेलं असतं, दर १० डिग्री कमी झालं की आयुष्य साधारण दुप्पट धरायचं, म्हणजे ४५ डिग्रीला १,२८,००० तास, साडेचौदा वर्षं झाली फक्त! फिल्म किंवा सिरॅमिक कॅपॅसिटर वापरा, त्यात द्रव नसतं. आणि बॅटरी बोर्डावर सोल्डर करू नका, ती बदलावी लागणारच.

फर्मवेअरवाला: मेमरीचं पण बघा. फ्लॅश म्हणजे वीज गेली तरी डेटा धरून ठेवणारी चिप, तिच्यात डेटा म्हणजे कोंडून ठेवलेला चार्ज, तो गळतो, बऱ्याच चिपच्या डेटाशीटमध्ये १०-२० वर्षांचीच हमी असते. त्यामुळे प्रोग्राम परत भरायची सोय पाहिजेच. नासाचं व्हॉयेजर १ यान बघा ना, १९७७ ला सोडलेलं, २०२३ मध्ये त्याच्या मेमरीची एक चिप गेली तर २०२४ मध्ये इथून पृथ्वीवरून कोड दुसऱ्या जागी हलवून ते पुन्हा बोलतं केलं. आत हात घालता येत होता म्हणून जमलं.

पंचवटीचे काका: अगदी बरोबर. माझ्याकडे वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ आहे, मागचा पुठ्ठा काढला की आतल्या बाजूला सर्किट डायग्राम चिकटवलेला, कडा पिवळ्या पडल्यात पण प्रत्येक आकडा वाचता येतो. नुसता गुंऽऽ आवाज यायचा, डायग्राम बघून दोन कॅपॅसिटर बदलले आणि लागला की! म्हणून सांगतो, पार्ट पायांचे आणि मोठे घ्या, साध्या सोल्डरिंगने निघतील असे, चिपवरचे नंबर खरवडू नका. कागद टिकेल न टिकेल, डायग्राम तांब्याच्या पत्र्यावर कोरून घ्या, तांबट आळीत भांड्यावर नाव घालतात ना तसा, आणि झाकणाच्या आत बसवा.

दिंडोरीचा बागायतदार: काका, आत्ताच वही काढून बघितली. पहिल्याच पानावर आजोबांनी नरसाळ्याचं तोंड किती इंच आणि बाटली कोणती ते लिहिलंय, त्यामुळेच ते आकडे आज मला लागतात. पत्र्यावर डायग्रामखाली नरसाळ्याचं माप पण कोरून घेतो. शनिवारी तांबट आळीत येतोय.