गोणीला वजन का येत नाही?

तुमच्या अ‍ॅनिमेशनमध्ये गोणी उचलणाऱ्या हमालाच्या शॉटमध्ये इनबिटवीन (दोन मुख्य पोझमधली चित्रं) वाढवली तरी गोणी कापसाचीच वाटते, असं तुम्ही म्हणताय. वाढवून फक्त सगळं संथ होतं. घोळ टायमिंगचा (किती फ्रेम लागतात त्याचा) कमी, स्पेसिंगचा (चित्रांमधल्या अंतराचा) जास्त आहे.

समजा, वाकलेल्या पोझपासून उभ्या पोझपर्यंत 12 फ्रेम आहेत. टूजवर, म्हणजे दर दोन फ्रेमला एक चित्र असं काढलं तर मध्ये पाच चित्रं. ती समान अंतरावर ठेवलीत की गोणी लिफ्टने वर आल्यासारखी दिसणार. त्याऐवजी पहिली तीन वाकलेल्या पोझला अगदी चिकटवा, मग चौथ्याला एक मोठी उडी, आणि पाचवं उभ्या पोझजवळ. फ्रेम तेवढ्याच, पण जोर लागलेला दिसतो. कागदाच्या कडेला टायमिंग चार्ट (कुठलं चित्र किती अंतरावर ते दाखवणारी खुणांची रेघ) आखूनच इनबिटवीनला हात घाला.

ब्रेकडाउन, म्हणजे एका पोझमधून दुसरीत कसं जायचं ते ठरवणारं मधलं चित्र, बरोबर मध्यावर काढू नका. कंबर आधी उठते, गोणी मागे राहते, हात ताणलेले. हे एक चित्र नीट जमलं की निम्मं काम झालं. (मी कित्येक महिने ते आळसाने ‘मधलं चित्र’ म्हणूनच काढायचो.)

की पोझ (मुख्य पोझ) तपासायला आकृती पूर्ण काळी भरून बघा. हात छातीवर आले तर नुसता काळा गोळा दिसतो, काय चाललंय ते कळत नाही. हमालाला थोडा बाजूने वळवा, पाठीची कमान ठसठशीत करा. सुरुवातीला तुम्हाला ते अती वाटेल, पण चालवल्यावर निम्मं विरून जातं.

पुढच्या वेळी फक्त कीज आणि ब्रेकडाउनची पेन्सिल टेस्ट (कच्ची पेन्सिल चित्रं चालवून बघायची चाचणी) टाका, रंग नकोत.