घरगुती भाजणी-मेतकूट विकते, जोडीला मराठी ब्लॉग सुरू करायचाय. कुठून सुरुवात करू?

वाघबीळची_भाजणी

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात घोडबंदर रोडला, वाघबीळजवळ राहते. थालीपीठाची भाजणी, मेतकूट आणि नाचणीचं सत्त्व घरी करून विकते. आमच्या आणि आजूबाजूच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून ऑर्डरी येतात. दिवाळीच्या आधी चकलीची भाजणी तर पुरत नाही. पण ग्रुप म्हटला की तेच तेच लोक. मला लिहायची आवड आहे, म्हणून ब्लॉग काढावा असं मनात आहे. एकाने वेबसाइट करून द्यायचे २५,००० सांगितले, वर दर महिन्याला ‘एसईओ’चे, म्हणजे गुगलवर साइट वर आणायचे, वेगळे. मुलगा म्हणतो, आई, आता कोणी वाचत नाही, रील कर.

फुकटचा ब्लॉग चालेल का? मराठीत लिहिलेलं गुगलवर कोणाला सापडतं का? जाहिरातींतून काही सुटतं का? आणि कागदपत्रं काय काय लागतात? हिशेब सध्या वहीत आहे.

मसाला_नेरूळ

ताई, ते पंचवीस हजार कोणाला देऊ नका. त्यात पाकिटं, लेबलं आणि एक चांगला वजनकाटा येईल.

मी नेरूळला मालवणी आणि गोडा मसाला करते. मिरची, धणे वाशीच्या मसाला मार्केटातून आणते. माझा ब्लॉग गुगलच्या ब्लॉगरवर आहे, फुकट. फक्त स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, विकत घेऊन त्याला जोडलंय, आणि जोडायचे वेगळे पैसे पडत नाहीत. डोमेनचा खर्च वर्षाला साधारण हजाराच्या आतबाहेर. पहिल्या वर्षी स्वस्तात देतात आणि पुढच्या वर्षी दर चढवतात, म्हणून घेतानाच नूतनीकरणाचा आकडा बघून घ्या. उद्या वर्डप्रेससारख्या दुसऱ्या सेवेवर जावंसं वाटलं तरी पत्ता तोच राहतो.

लिहायचं काय, ते तुमच्या फोनमध्येच आहे. व्हॉट्सॲप उघडा आणि गिऱ्हाइकांनी गेल्या दिवाळीपासून काय काय विचारलंय ते वर वर सरकवत वाचा. भाजणी गरम पाण्यात भिजवू की गार? थालीपीठ थापताना कडा का फाटतात? मेतकूट फ्रिजमध्ये ठेवायचं का? चकली तेलात विरघळते ती कशाने? हे प्रश्न एका वहीत उतरवा. एक प्रश्न, एक लेख. मथळाही बायका विचारतात त्याच शब्दांत द्या: ‘चकली तेलात का विरघळते?’ ‘खमंग खुसखुशीत चकलीचे रहस्य’ असलं काही नको, तसं कोणी शोधत नाही. कढईसमोर उभी राहून, पिठाच्या हाताने फोनवर जे बोलून शोधेल, तो तुमचा मथळा.

आणि उत्तर अर्धवट देऊ नका. मोहन जास्त झालं की चकली विरघळते, कमी पडलं की दाताला कडक लागते, हे तर सगळेच लिहितात. तुम्ही तुमच्या भाजणीला किलोमागे किती मोहन लागतं, ते वाटीच्या मापाने लिहा. पहिली एकच चकली तळून बघायची, मग उरलेल्या पिठाचं काय ते ठरवायचं, हेही लिहा. बिघडलेल्या चकलीचा फोटो टाका. मी जाळी धरलेल्या मसाल्याचा फोटो टाकला होता, ओलसर चमचा बरणीत घातला की काय होतं ते दाखवायला. माझ्या ब्लॉगवर अजून सगळ्यांत जास्त वाचला जातो तो तोच लेख, आणि तो वाचून आलेली गिऱ्हाइकं घासाघीस करत नाहीत. ही बाई आपल्याला खरं सांगते, हे त्यांना आधीच कळलेलं असतं. ब्लॉगचा खरा फायदा मला हाच वाटतो.

वेळेचं गणित सांभाळा. नवीन ब्लॉग गुगलवर वर यायला वेळ घेतो. दिवाळीचे लेख श्रावणात लिहून टाका, दसऱ्याला लिहाल तर उशीर झाला. मी उन्हाळ्याच्या मसाल्याचं फेब्रुवारीतच लिहिते, कारण मार्चपासून लोक मिरच्या घ्यायला लागतात. ‘गुगल सर्च कन्सोल’ फुकट आहे, त्याला ब्लॉग जोडून ठेवा. कोणते शब्द शोधून लोक तुमच्याकडे आले ते त्यात दिसतं. पुढच्या लेखाचा विषय मला बरेचदा तिथेच मिळतो.

मराठी वाचतात का, तर वाचतात. नेरूळबाहेरची माझी बहुतेक गिऱ्हाइकं ब्लॉगवरून आलीत. जाहिरातींच्या मात्र नादी लागू नका. ॲडसेन्सला, म्हणजे गुगलच्या जाहिरात सेवेला, मराठी चालतं, पण छोट्या ब्लॉगला त्यातून मिळणार किती? शिवाय तुमच्याच लेखाखाली दुसऱ्या कुणाच्या तयार पिठाची जाहिरात दिसायची. ती जागा तुमच्या पाकिटाची आहे. तिथे व्हॉट्सॲपची थेट लिंक द्या. त्यात ‘मला भाजणी हवी आहे’ असा मजकूर आधीच भरून ठेवता येतो, समोरच्याला फक्त पाठवायचं असतं.

व्यवसायाला वेगळं सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका, घरच्या नंबरावर नको. ब्रॉडकास्ट यादीत (एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा जातो ती) २५६ नंबर बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. तेव्हा पाकीट हातात देतानाच ‘नंबर सेव्ह करा हं’ म्हणायचं.

ऐरोली_आयटी

वरच्या ताईंनी जवळजवळ सगळं सांगितलंय. तांत्रिक बाजूचं थोडं जोडतो.

डोमेन स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या कार्डाने घ्या. माझ्या वहिनीचं डोमेन साइट करून देणाऱ्याने त्याच्याच नावावर घेतलं होतं. पुढे त्याने फोन उचलणं बंद केलं आणि तिला नवीन नावाने पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. छापलेली लेबलंही वाया गेली.

मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या फोनवर दिसणाऱ्या अक्षरांत, टाइप करा, गुगलच्या जीबोर्डचा मराठी कीबोर्ड पुरतो. लेबलाचा मजकूर डीटीपीवाल्याकडून जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये आला असेल तर तो उचलून ब्लॉगवर चिकटवू नका. अक्षरांचा कचरा दिसतो आणि गुगललाही तो वाचता येत नाही.

मथळा मराठीत ठेवा, पण लेखाची लिंक रोमन अक्षरांत आणि छोटी करा. देवनागरी लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली की बरेचदा टक्क्याची चिन्हं आणि आकड्यांची लांबलचक माळ होते, आणि लोकांना ते व्हायरस वाटतं.

हिशेबनीस_नौपाडा

मी करसल्लागाराच्या ऑफिसात काम करतो, घरगुती खाद्यपदार्थवाले आमच्याकडे बरेच येतात. कागदपत्रांचं सांगतो.

पहिली एफएसएसएआय, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी. घरून विकत असलात तरी लागते. त्यांच्या ‘फॉसकॉस’ पोर्टलवर ऑनलाइन होते, छोट्या व्यवसायाची फी किरकोळ आहे. १४ अंकी नंबर मिळतो, तो पाकिटावर छापायचा. लेबलावर पदार्थाचं नाव, घटक (जास्त प्रमाणातला आधी, या क्रमाने), निव्वळ वजन, एमआरपी, बॅच, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ते, तुमचा पत्ता, संपर्क आणि शाकाहाराची हिरवी खूण. ‘कधीपर्यंत’ हे अंदाजाने लिहू नका. प्रत्येक घाण्यातलं एक पाकीट बाजूला ठेवा, ठरावीक दिवसांनी उघडून वास आणि चव बघा. आणि दळून आणलेलं पीठ गरम असताना भरू नका. आत वाफ धरते, गाठी होतात आणि मग तुमची तारीख खोटी पडते.

मग उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी. १ जुलै २०२० पासून सुरू आहे, आधार आणि पॅनवर होते आणि पूर्ण मोफत आहे. सरकारी वाटतील अशा साइटी पैसे मागतात, तिथे भरू नका. गुमास्ता, म्हणजे दुकान-आस्थापना नोंदणीचा कागद, बँकेने चालू खात्यासाठी मागितला तर बघा. २०१७ च्या कायद्याप्रमाणे कामगार थोडेच असतील तर नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते.

नाचणी सत्त्वाबद्दल मुद्दाम सांगतो. लेबलावर किंवा ब्लॉगवर ‘मधुमेह बरा होतो’, ‘हाडांचे आजार जातात’ असं काही लिहू नका. अन्नाच्या जाहिरातींबद्दल २०१८ चे नियम आहेत, रोग बरा करण्याचा दावा चालत नाही. कसं करायचं, कसं प्यायचं ते लिहा.

वही असू द्या, पण भावाचं गणित परत मांडा. बहुतेक जणी धान्याचा भाव धरतात आणि घट विसरतात. पाच किलो धान्य भाजलं, दळलं की पाच किलो पीठ हातात येत नाही. भाजताना ओल जाते, थोडं गिरणीत राहतं. घरी आल्यावर पीठ तोला आणि सगळा खर्च त्या वजनाने भागा. समजा किलोला धान्य ११०, दळण १५, गॅस १०, पाकीट-लेबल १२. झाले १४७. तुम्ही २०० ला विकलं तर ५३ उरले, आणि त्यात निवडणं, धुणं, वाळवणं, प्रत्येक धान्य वेगळं भाजणं ही तुमची मजुरी अजून धरलेलीच नाही. ती आधी धरा, नफा त्याच्यावर. पाकिटं जांभळी नाक्याला शेकड्याने घ्या, सुटी घेऊ नका.

कोपरी_रील्स

मला मुलाचं पटतं. रीलवरून माझ्या केकच्या ऑर्डरी त्याच दिवशी येतात.

मसाला_नेरूळ

केक दिसायला देखणा, त्याला रील शोभते. भाजणी दिसते कशी, तपकिरी पीठ! तिचं सगळं मोठेपण वासात आणि करण्याच्या पद्धतीत. त्यामुळे ताईंनी लेख आधी लिहावा, आणि मुलाला हौस असेल तर भाजतानाची रील त्याने काढून लेखात जोडावी. रील दोन दिवसांत खाली जाते. ‘कडा का फाटतात’ हे पुढच्या वर्षीही कोणीतरी विचारणारच आहे.

वाघबीळची_भाजणी

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री व्हॉट्सॲप उपसलं, प्रश्नांनी वहीची तीन पानं भरली. नेरूळच्या ताई, पहिला लेख थालीपीठाच्या कडांवरच लिहितेय. हिशेबनीस दादा, एकच विचारायचं राहिलं. शेजारणीची बहीण बंगळूरला असते, तिला आणि तिच्या मैत्रिणींना कुरियरने भाजणी हवी आहे. पाठवली तर चालेल?

हिशेबनीस_नौपाडा

महाराष्ट्रात कुठेही खुशाल पाठवा. मालाची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. ऑक्टोबर २०२३ पासून तर नोंदणी नसलेल्यांनाही राज्यातल्या राज्यात ऑनलाइन बाजारपेठांवर विकता येतं, त्यासाठी जीएसटी पोर्टलवरून फक्त एनरोलमेंट नंबर घ्यायचा. बंगळूर मात्र दुसऱ्या राज्यात आलं. करपात्र माल राज्याबाहेर विकला की उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी घ्यावीच लागते, आणि लेबल लावलेलं पाकीटबंद पीठ जुलै २०२२ पासून करपात्र आहे. छोट्या व्यावसायिकांसाठी जीएसटीची सोपी कंपोझिशन योजना आहे, तिच्यातूनही राज्याबाहेर विकता येत नाही, म्हणजे नियमित नोंदणी आणि रिटर्न आली. चार पाकिटांसाठी त्यात पडू नका. बाहेरच्या राज्यांतली मागणी ब्लॉगवर सारखी यायला लागली, की त्या चौकशा घेऊन एकदा सीएकडे बसा.